ठिपक्यांआडचं नाव

झोळीची दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवून तृप्ती बियाण्याच्या पिशव्यांच्या नोंदी करत बसली होती, तेव्हा लॅपटॉपच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट वर आली. आवाज म्हणावा तर भांड्याला भांडं लागल्याएवढाच. तेवढ्यानेही झोळीतलं पोरगं कुशीवर वळलं, दोरी ताणली, आणि तिने आधी पोराकडे बघितलं, मग पडद्याकडे. धोका सापडला, असं चौकटीत इंग्रजीत लिहिलं होतं. खाली त्या धोक्याचं लांबलचक नाव, मधे टिंबं आणि तिरप्या रेघा घातलेलं. त्याखाली बारीक अक्षरांत, वेगळं ठेवलं आहे, तुम्हाला काहीही करण्याची गरज नाही. चौकट जरा वेळ थांबली आणि आली तशी खाली सरकून गेली. नोंदीचा तक्ता पुन्हा पूर्ण दिसायला लागला, सोयाबीन, तूर, मूग, आणि तृप्तीचा अंगठा जागच्या जागी थांबला. बाहेरच्या खोलीत सासूबाई झुंबरबाई सुपात गहू घोळत होत्या. त्यांचा तो एकसारखा सरसर आवाज येत होता, आणि रस्त्यावर कोणीतरी मोटरसायकलला किक मारमारून दमत होतं.

काहीही करण्याची गरज नाही. हे वाक्य तिला आधी एकदा भेटलं होतं. तेव्हा ते मराठीत होतं आणि बोलणारीच्या तोंडावर हिरवा मास्क होता. बाळाला वेगळं ठेवलंय, काळजी करू नका, तुम्ही फक्त पडून राहा, तुम्हाला काही करायचं नाहीये. आणि तृप्ती पडून राहिली होती. सांगितलेलं ऐकणारी मुलगी म्हणून माहेरी, मंठ्यात तिचं नाव होतं. छातीत दूध दाटून ब्लाउज भिजत होता आणि ती भिंतीवरच्या पालीकडे बघत पडून होती. पण त्या दाराशी पोचलं की मागे फिरायची तिने मनाला सवय लावून घेतली होती. आताही ती फिरली. नोंदी बाजूला सारून तिने सुरक्षेचं सॉफ्टवेअर उघडलं आणि त्या लांब नावाकडे नीट बघितलं. नावातला मधला तुकडा तिला वाचता आला. पासवर्ड चोरणारा ट्रोजन. कॉलेजात सरांनी शिकवलं होतं. लाकडी घोड्याची परदेशी गोष्ट सांगून झाल्यावर वर्गातले चेहरे कोरेच दिसले, तेव्हा सर म्हणाले, अरे तुमच्या गावात बहुरूपी येतो की नाही, पोलिसाचे कपडे घालून? तुम्ही हसता, चहा पाजता. समजा तो हसवून परत गेलाच नाही, घरातच राहिला, आणि दाराची किल्ली कुठे ठेवता ते बघत बसला, तर? वर्ग तेव्हाही हसला होता. तृप्तीला मात्र त्या रात्री बहुरूप्याचंच स्वप्न पडलं होतं. तो घरात कोपऱ्यात उभा, आणि घरचे त्याच्यासमोरून ये-जा करतायत, जेवतायत, झोपतायत.

तो घरात कसा आला हे तिला शोधावं लागलं नाही. तिनेच दार उघडलं होतं. नणंद दैवशाला राजूरहून फोनवर फोन करत होती. वहिनी, पोराची पत्रिका काढली का? मागच्या टायमाला न्हाई काढली तं काय झालं ते पाह्यलं ना? मागच्या टायमाला. आधीच्या त्या बाळाला घरात एवढंच नाव होतं, मागचा टाइम. तृप्तीचा पत्रिकेवर विश्वास नव्हता आणि अविश्वास दाखवण्याइतकी ताकदही नव्हती. पोराला ताप होता, तीन दिवसांची झोप डोळ्यांत वाळूसारखी खुपत होती, आणि फोनवर दैवशाला होती. तिने पत्रिका काढायचं सॉफ्टवेअर शोधलं. विकतचं एक सापडलं, आणि त्याच्याच शेजारी तेच फुकट. नाव कसं गोड, शुभ की मंगल असं काहीतरी, वर गणपतीचं चित्र. सोबत सूचना होती. आधी सुरक्षा बंद करा, नाहीतर फाइल चालणार नाही, आणि हे फोल्डर तपासू नकोस असं सुरक्षेला सांगून ठेवा. तृप्तीला कळत होतं. बीसीए झालेल्या मुलीला नाही कळणार तर कोणाला? तिने तरी सांगितलं तसं केलं, पाहुणे आले की भुंकणारं कुत्रं आपणच मागच्या अंगणात नेऊन बांधतो तसं. पत्रिका निघाली. चौकोनात चौकोन, ग्रह जागच्या जागी. दैवशाला खूश झाली. सुरक्षा तिने पुन्हा चालू केली, पण ते फोल्डर सोडून देण्याची सूचना तशीच राहिली, आणि त्यानंतर ती लॅपटॉपसमोर बसायची तेव्हा तिला बरं वाटायचं, घर राखलं जातंय असं. आता तो आपल्या फोल्डरातून बाहेर पडून दुसरीकडे आपलं एक पिल्लू ठेवायला गेला, आणि तिथे पकडला गेला. पकडून त्याला कोंडलं होतं. तो तिथून हलू शकत नव्हता, काही वाचू शकत नव्हता. पडद्यावर दोन बटणं होती, काढून टाका आणि परत आणा. चोराला कोठडीत घालणं एवढंच त्या सॉफ्टवेअरच्या हाती होतं. नेलेलं परत आणायचं बटण कुठेच नव्हतं.

तिने नवऱ्याला, कल्याणला फोन लावला. तो बियाणे कंपनीच्या कामाने मंठ्याला गेला होता.

"हां, बोल जल्दी."

"लॅपटॉपात पासवर्ड चोरणारं काहीतरी सापडलंय."

"पकडलं ना ॲन्टीव्हायरसनं?"

"पकडलं."

"मंग झालं की. त्याचं कामच हाय ते."

"पकडलं आत्ता. आलेलं केव्हाचं आहे. तेवढ्यात काय काय नेलं असेल."

मागून कोणी दुकानदार म्हणाला, "काय कल्याणराव, हेडऑफिसचा फोन का?" आणि दोघे-तिघे हसले. कल्याणही हसला. "बँकेतून काही गेलं का?"

"नाही. बघितलं मी."

"मंग कशाला जीव खाऊन राह्यली स्वतःचा?"

"तुमचेबी बदलावे लागतील सगळे."

"तूच टाकलेत, तूच बदल. मला काय ते ठावके हायत?" आणि मग जरा आवाज खाली आणून, दुकानदारांपासून बाजूला झाल्यासारखा, "पोरगं बरंय ना?"

"झोपलंय."

"मंग तूबी पड जरा."

पडून राहा. तिने फोन ठेवला नाही, हातातच राहू दिला. लॅपटॉपवर काही बदलून उपयोग नव्हता, बदललेलंही तिथूनच गेलं असतं. मोबाइल त्या मानाने स्वच्छ होता. लॅपटॉपला तिने पूर्ण तपासणीला लावलं, हिरवी रेघ मुंगीच्या चालीने पुढे सरकायला लागली, आणि ती मोबाइलवर एकेक खातं उघडत गेली. बँक आधी. मग कंपनीचं काम, तिथे कळवावंही लागलं, आणि समोरून 'ओके मॅडम' एवढंच आलं. मग गॅस, वीज, सासऱ्यांची पेन्शन. सगळ्या घराच्या किल्ल्या तिच्याकडे होत्या आणि त्या घराला त्याचा पत्ता नव्हता. सासऱ्यांना पासवर्ड विचारला की ते म्हणायचे, "माझं नावच टाक ना, कडूबा. कोन चोरतंय ते." आणि मग हटकून ती गोष्ट सांगायचे. त्यांच्या आधीची भावंडं जगली नव्हती. म्हणून आईने त्यांचं नाव कडूबा ठेवलं. नेणारा येईल, ओठाला लावेल आणि कडू म्हणून टाकून जाईल. "अन् बघ," छातीवर हात मारून म्हणायचे, "सत्तरी आली, अजून टाकूनच दिलंय मला." तृप्तीचं पोरगं कागदावर मल्हार होतं, पण झुंबरबाईंनी जन्मल्या दिवसापासून त्याला दगडू केलं होतं. दवाखान्यात लशीच्या रांगेत शेजारच्या चांगुणाबाई म्हणाल्या होत्या, "गोरंगोमटं लेकरू, अन् दगडू काय वो?" मग तृप्तीकडे वळून, "पहिलंच का?" तृप्तीने तोंड उघडायच्या आत झुंबरबाई म्हणाल्या, "हां, पहिलंच." आणि तृप्तीने मान हलवली होती. मान हलवायला फार श्रम पडत नाहीत. नंतर कोणीही विचारलं की ती स्वतःच म्हणायला लागली, हो, पहिलंच.

शेवटी एकच खातं उरलं. त्याच्यासाठीच आपण बाकी सगळी आधी उरकली, हे तिला ते उघडताना कळलं. ते मेलचं खातं घरात कोणाला माहीत नव्हतं. दवाखान्याच्या खाटेवर, एका हाताला सलाईन असताना, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तिने ते काढलं होतं. कल्याणने काचेच्या पेटीतल्या बाळाचे दोन फोटो काढले होते आणि एक छोटासा व्हिडिओ, त्यात एक पाऊल हलतं, एवढंच. आत एकेकालाच सोडत. झुंबरबाई शेवटपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या, त्यांनी नात बघितलीच नाही. आणि बारसं व्हायच्या आधीच सगळं आटोपलं. सासऱ्यांनी टॉवेलात गुंडाळून नेलं. झुंबरबाई लेकाला म्हणाल्या, मोबाइलातलं पुसून टाक, गेलेल्या लेकराला मागं वढू न्हाई. कल्याणने तिच्यासमोर पुसलं, तिच्या मोबाइलवरूनही. तिने काही म्हटलं नाही, कारण त्याच्या आदल्या दुपारी तिने ते त्या नव्या खात्यावर पाठवून ठेवले होते. का पाठवले ते तेव्हाही सांगता आलं नसतं. खातं काढताना पासवर्ड मागितला होता. दसऱ्याचे दिवस होते. खिडकीखाली फूलवाल्या बसल्या होत्या, आणि त्यांच्या ढिगांचा ओला पिवळा वास डेटॉलच्या वासातून वर येत होता. तृप्तीने अंगठ्याने एक नाव लिहिलं. लिहिता लिहिता एकेक अक्षराचा ठिपका होत गेला. हा पासवर्ड कमकुवत आहे, असं लाल अक्षरांत आलं. डॉक्टरही हेच म्हणाले होते. बाळ जरा कमकुवत आहे. मग तिने नावापुढे पेटीवरचा आकडा टाकला, तेव्हा ते चाललं. त्या पोरीला नाव होतं ते एवढंच. आत्याने कानात सांगितलेलं नाही, पाटीवर लिहिलेलं नाही, दाखल्यावर नाही. तृप्तीनेही ते कधी तोंडाने उच्चारलं नव्हतं. घर दुपारी झोपलं की ती ते बोटांनी लिहायची, रांगोळीच्या ठिपक्यांसारखे ठिपके ओळीने उमटायचे आणि पेटीतलं पाऊल हलायचं. एकदा पोरगं मांडीवर असताना मोबाइलऐवजी लॅपटॉपवर उघडलं. हा पासवर्ड लक्षात ठेवू का, असं त्याने विचारलं. ठेव, म्हणून तिने बटण दाबलं. लक्षात ठेवायला आणखी कोणीतरी आहे, याचं तेव्हा बरंच वाटलं होतं.

आता बोटांना घाम होता. एकदा चुकलं. चुकीचा पासवर्ड, असं आलं. चोराने बदलला असेल. पाऊल आतच राहिलं असेल, दाराच्या पलीकडे, आणि तिने कोणाला सांगायचं, माझं काय गेलं म्हणून? घरात तर काही नव्हतंच. पदराला बोटं पुसून तिने पुन्हा हळूहळू लिहिलं. उघडलं. दोन्ही फोटो होते. व्हिडिओ होता. तिने भिंतीला डोकं टेकलं. मग कोण कोण आत येऊन गेलं त्याची नोंद उघडली. तिच्या मोबाइलखाली, तिच्या लॅपटॉपखाली, एका भलत्याच गावाचं नाव होतं, तिला धड उच्चारताही न येणारं. पत्रिकेच्याच आठवड्यातलं. म्हणजे तो आला होता. दार ढकलून आत आला होता, आणि आत बघतो तर काय, काचेच्या पेटीत एक लेकरू, नाकात नळी, डोक्याला टोपरं. बँक नाही, कार्ड नाही. तो जरा थांबला असेल का? की तो माणूसच नव्हता, किल्ल्यांचा जुडगा घेऊन दारोदार फिरणारं एक यंत्र होतं, ज्याला लेकरू काय आणि सोयाबीन काय, सारखंच? तृप्तीला राग यायला हवा होता. रागाची जागा तिला सापडत होती, पण तिथपर्यंत चालत जायचं त्राण नव्हतं. उलट एक विचित्र, तिचा तिलाच लाजवणारा विचार आला. पोरीला बघितलेल्या माणसांत एकाची भर पडली. तिचं नाव आता जगात दोघांना माहीत होतं, एक तिची आई, आणि एक चोर.

सगळ्यांना बाहेर काढा, हे बटण तिने दाबलं. मग नवीन पासवर्डची रिकामी चौकट आली, खाली सूचना होती, आधी वापरलेला पासवर्ड पुन्हा चालणार नाही. तृप्ती त्या चौकटीकडे बघत बसली. फोटो राखायचे तर नाव सोडायचं होतं. नाव ठेवायचं तर दार सताड उघडं. इतकी साधी गोष्ट होती, आणि तिला ती करता येईना. एक अक्षर लिहिलं की जुनंच नाव बोटांतून यायचं आणि चौकट ते परत करायची. हे चालणार नाही. हे चालणार नाही. लॅपटॉपवरची हिरवी रेघ शेवटाला पोचली होती. सुरक्षेने आणखी काही सापडलं नसल्याचं कळवलं होतं, आणि पुन्हा तेच, तुम्हाला काहीही करण्याची गरज नाही.

"लेकरू उठून झोळीत उभं राह्यलंय, अन् ही मोबाइल पाहून राह्यली!" झुंबरबाई हाताचा कोंडा झटकत आत आल्या आणि त्यांनी पोराला उचललं. "पडलं असतं म्हंजे? ध्यान कुठंय तुझं?" मग त्यांचं तिच्याकडे लक्ष गेलं. "काय गं? तोंड असं का झालंय?"

"चोरी झाली, मामी."

झुंबरबाईंचा हात पहिल्यांदा गळ्यातल्या पोतीकडे गेला. "काय गेलं?"

"नाव."

"कोनाचं नाव? काय बोलून राह्यली?"

"पोरीचं."

कोणत्या पोरीचं, असं झुंबरबाईंनी विचारलं नाही. पोरगं त्यांच्या पोतीशी खेळत होतं, ते त्यांनी खेळू दिलं. मग खाली बसल्या, गुडघ्यावर हात टेकत, हळूच.

"तिला कुठं नाव व्हतं गं?"

"मी ठेवलं होतं. दवाखान्यात."

"काय ठिवलं व्हतं?"

बोटांना ते पाठ होतं, पण तोंडाला त्याची ओळख नव्हती. तृप्तीला वाटलं, आता बोललं की संपलं. आणि मग वाटलं, संपायचं ते केव्हाच चोरीला गेलंय.

"शेवंती."

झुंबरबाईंनी ते नाव तोंडात घोळवलं. नुसते ओठ हलले, चव बघितल्यासारखे. "लई जुन्या बायांचं नाव हाय की," त्या म्हणाल्या, आणि हात पुढे केला. "दाव."

"काय?"

"तोंड दाव पोरीचं. पुसून टाक म्हनून कल्यानला म्या सांगितल्तं, तुला वळखत न्हाई का म्या? तू काय पुसनारी हायस व्हय?"

तृप्तीने फोटो मोठा करून मोबाइल त्यांच्या हातात दिला. झुंबरबाईंनी तो लांब धरला, मग जवळ घेतला, मग पुन्हा लांब. पोराने हात मारला, त्याची ओली बोटं काचेवर उमटली, त्यांनी ती पदराने पुसली. "हनुवटी दैवशालाची हाय," त्या स्वतःशीच म्हणाल्या. आणि मग, "कान झाकलेत गं टोपऱ्यानं." त्या तेवढ्याच गोष्टीची तक्रार केल्यासारख्या म्हणाल्या. मग इकडे तिकडे बघून, कोणी येत नाही ना अशा बेताने, त्यांनी मोबाइल ओठांजवळ नेला आणि कुर्र केलं. दबक्या आवाजात, एकदाच. "शेवंती," त्या काचेला म्हणाल्या. पोराला तो खेळ वाटला. ते खदखदून हसलं आणि आपला कान पुढे करायला लागलं.

झुंबरबाई त्याला घेऊन चुलीकडे गेल्या. तृप्तीने मोबाइल उचलला. नवीन पासवर्ड मीच सुचवू का, असं तो मघापासून विचारत होता. तिने सुचवू दिला. कशालाच काही अर्थ नसलेली अक्षरं, आकडे, मधेच एक उद्गारचिन्ह. मजबूत, असं हिरव्यात आलं. तिने एकदा वाचलं आणि लगेच विसरलीही. मग लॅपटॉपवर त्या कोंडून ठेवलेल्याच्या पुढचं काढून टाका हे बटण दाबलं, आणि त्या गणपतीच्या चित्राचं फोल्डरही. अंगातलं सगळं बळ सरल्यासारखं झालं होतं. पण हे सरणं रोजच्यासारखं नव्हतं. धुणं वाळत घातल्यावर हात दुखतात तसं होतं.

ऊन उतरल्यावर, पोरगं पुन्हा झोळीत झोपलं असताना, कडूबा स्टेशनाकडून चक्कर मारून आले. उंबऱ्यात चपला काढताहेत तोच आतून झुंबरबाईंचा आवाज आला, नेहमीच्याच, पाणी तापलंय का विचारावं तशा सुरात.

"अवो, आपली शेवंती पाह्यची का?"

"कोन शेवंती?"

झुंबरबाईंनी उत्तराला तोंड उघडलं होतं. तृप्तीने अंगठ्यातून दोरी काढली आणि उठून दारात आली.

"माझी मोठी, मामा," ती म्हणाली.

कडूबा एक पाय चपलेत, एक फरशीवर, तसेच उभे राहिले. मग त्यांनी चष्म्यासाठी खिसा चाचपला.